आधी घरांची यादी करा, मग चित्रपटांची

शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावातल्या तरुण मंडळाने विचारलंय: ‘२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पडझड झालेली काही घरं आमच्याकडे अजून अर्धवट उभी आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी तीन दिवसांचा चित्रपट महोत्सव करून पैसे उभे करायचे आहेत. चित्रपट कोणते लावावेत, परवानग्या काय लागतात आणि यातून खरंच किती रक्कम जमते?’

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत फिल्म सोसायटीचं काम करताना मला वीस वर्षांहून जास्त झाली. त्यात मदतनिधीसाठी केलेले महोत्सवही आहेत, काही जमलेले, काही फसलेले. तुमचा प्रश्न चित्रपटांपासून सुरू होतो. मी उत्तर घरांपासून सुरू करतो, कारण माझ्या अनुभवात असे उपक्रम पडद्यावर फसत नाहीत. जमलेले पैसे कुठे आणि कसे गेले, तिथे ते फसतात.

सरकारी मदतीत पोकळी नेमकी कुठे राहते, ते आधी समजून घ्या. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये मिळतात. २०१९ च्या पुराच्या वेळी हाच आकडा ९५ हजार १०० होता. पण घर अंशतः पडलं, म्हणजे निदान १५ टक्के पडझड झाली, तर पक्क्या घराला ६ हजार ५०० आणि कच्च्या घराला फक्त ४ हजार. राज्य सरकार कधी वरून भर घालतं, पण या दोन आकड्यांमधली दरी तशीच राहते. पंचनाम्याच्या कागदावर ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’ या एका शब्दावर लाखाच्या आसपासचा फरक पडतो.

त्यातून मातीच्या भिंतींचा स्वभाव असा की त्या पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरल्यावर बसतात. चार-पाच दिवस भिजलेली पांढऱ्या मातीची भिंत पंचनाम्याच्या दिवशी नुसती फुगलेली दिसते. ऊन पडलं, माती आकसली, की पंधरा-वीस दिवसांनी रात्रीतून खाली येते. तोवर तलाठी, ग्रामसेवक पुढच्या गल्लीत गेलेले असतात. तुमच्या गावात आज जी घरं प्लास्टिकचा कागद आणि तट्ट्यांवर उभी आहेत, त्यांतली बरीचशी याच रकान्यातली निघतील असं मला वाटतं. आणि भाडेकरूंचा तर घर म्हणून कुठल्याच रकान्यात हिशेब नसतो. घर मालकाचं, भिंत मालकाची, मदतही मालकाची. रस्त्यावर येतं ते भाड्याने राहणारं कुटुंब.

म्हणून या आठवड्यात पहिलं काम हे करा. ग्रामपंचायतीतून आणि तलाठ्याकडून पंचनाम्याच्या याद्यांची प्रत मिळवा आणि ती हातात घेऊन गल्लीगल्लीत फिरा. सोबत आशाताई किंवा अंगणवाडीच्या सेविका असू द्या. कुठल्या घरात किती माणसं झोपतात, कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा पैसे पाठवतो आणि कोणाचा नाही, हे त्यांना ठाऊक असतं. मंडळाच्या पोरांना ते दिसत नाही, कारण ती त्या घरांच्या अंगणापर्यंतच गेलेली असतात. प्रत्येक घराबाबत तीन गोष्टी लिहा: नेमकं काय पडलंय, सरकारी मदत काय मिळाली, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, घर कोणाच्या नावावर आहे. चौथी गोष्ट गवंड्याकडून घ्या, दुरुस्तीचा लेखी अंदाज. ‘साधारण पन्नास-साठ लागतील’ असा तोंडी अंदाज नको. विटा किती, सिमेंटची पोती किती, पत्रे किती, गवंडी आणि बिगारी यांचे रोज किती, असं खाली उतरवून.

इथे माझी एक चूक सांगतो, ती अजून मनातून गेलेली नाही. एका गावासाठी केलेल्या महोत्सवात चांगली रक्कम जमली. वाटपाच्या बैठकीत कोणालाच नाराज करायचं नव्हतं. मग यादीतल्या सगळ्या घरांना सारखी रक्कम वाटली. प्रत्येकाच्या हाती आली ती एका भिंतीलाही पुरणारी नव्हती. कोणी औषधाला वापरली, कोणी उधारी फेडली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण वर्षाने गेलो तेव्हा एकही भिंत उभी नव्हती. मीच त्या बैठकीत ‘सगळ्यांना समान’ म्हणून हात वर केला होता. त्यानंतर मी ठरवलं की जमलेल्या पैशांत जेवढी घरं पूर्ण होतील तेवढीच हातात घ्यायची, मग ती तीन का असेनात. यादी क्रमाने लावायची, निकष आधी लिहून जाहीर करायचे, आणि पैसे संपले तिथे रेघ मारायची. चौथ्या घराला स्पष्ट सांगायचं की तुमचा नंबर पुढच्या वेळी पहिला. हे सांगायला जड जातं, पण सांगावंच लागतं. निवड समितीत ज्याच्या भावकीतलं घर यादीत असेल त्याने त्या चर्चेतून उठून बाहेर बसायचं, हा नियमही पहिल्याच दिवशी वहीत लिहा. नंतर लिहायला गेलात तर तो कोणा एकासाठी केल्यासारखा वाटतो.

तुमच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट बघावी लागेल. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी शिरोळमध्ये येतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतल्या घरावर लोकांचा पैसा भिंतीत घालू नका. बांधकामाला परवानगीची अडचण येते, आणि पुढच्या मोठ्या पाण्यात ती भिंत पुन्हा जाते. अशा कुटुंबाला पावसाळ्याचे चार महिने उंचावरच्या वस्तीत भाड्याने राहता यावं म्हणून अनामत आणि भाडं द्या, किंवा घरकुलासाठी जागा मिळवण्याच्या कामात मदत करा. पंतप्रधान आवास, रमाई, शबरी अशा योजनांचे बरेच अर्ज जागा नावावर नाही म्हणून अडतात. मोजणीची फी, वारस नोंद, प्रतिज्ञापत्रं या किरकोळ वाटणाऱ्या खर्चांत पूर्ण घर अडकलेलं असतं. घरकुल मंजूर असलेल्यांचीही एक अडचण असते. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, पण हप्त्याहप्त्याने, आणि पुढचा हप्ता झालेल्या कामाचा फोटो चढल्यावर येतो. जोत्यापर्यंत काम आणायला हातात रोकड नसली की घर तिथेच थांबतं. अशा ठिकाणी तुमचे वीस-पंचवीस हजार अख्खं घर पुढे ढकलतात. महोत्सवाच्या लहान निधीला एवढं मोठं काम दुसरीकडे मिळणार नाही.

आता पैशाचं. समजा तुमचं सभागृह ३०० खुर्च्यांचं आहे. तीन दिवस, रोज चार खेळ, म्हणजे १२ खेळ. सरासरी निम्म्या खुर्च्या भरल्या तर १,८०० तिकिटं. ५० रुपये तिकीट धरलं तर ९० हजार. यातून सभागृहाचं भाडं, प्रोजेक्टर आणि ध्वनी, जनरेटर, चित्रपटांचं हक्कशुल्क, छपाई, पाहुण्यांचा प्रवास आणि जेवण वजा करा. हाती काय उरतं ते तुम्हीच बघा. निम्म्या खुर्च्या हासुद्धा मी सढळ हाताने धरलेला अंदाज आहे, दुपारी बाराच्या खेळाला चाळीस माणसं आली तरी पुष्कळ.

तेव्हा तिकिटांतून घरं उभी राहतील असं समजू नका. तिकिटांनी आणि जाहिरातींनी महोत्सवाचा खर्च भागवायचा. घरांसाठी लागणारं दान वेगळं मागायचं, वेगळ्या पावतीवर, वेगळ्या खात्यात. आणि ते दान पैसा न् पैसा घरांकडे जाईल असं आधी जाहीर करायचं. लोक विचारतातच, ‘मी दिलेल्या शंभरातले किती त्या घरात गेले?’ ‘शंभरच्या शंभर’ हे उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे. एका वर्षी आम्ही मुंबईहून एक ओळखीचा चेहरा बोलावला होता. गर्दी झाली, फोटो झाले, आणि त्यांची गाडी, मुक्काम, सोबतची माणसं यांत प्रायोजकांचा सगळा पैसा गेला. पुढच्या वर्षी उद्घाटन गावातल्या सगळ्यात वयस्कर गवंड्याच्या हस्ते केलं. दान वाढलं, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

रोख रकमेपेक्षा वस्तू सोप्या मिळतात. हार्डवेअरवाला मला म्हणाला होता, ‘मास्तर, धा पोती सिमेट उचला, पण पैसं नका मागू.’ त्याच्या धंद्यात रोकड अडकलेली असते, माल असतो. वीटभट्टीवाला, पत्र्याचा डीलर, ट्रॅक्टरवाला, सगळ्यांचं तसंच. मिळालेल्या प्रत्येक वस्तूची बाजारभावाने नोंद करून पावती द्या. गवंड्यांनी दोन रोज फुकट दिले तर तेही लिहा.

तारीख ठरवताना उसाकडे बघा. आपल्याकडे गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असा नियम आहे. मागेपुढे होतं, पण डिसेंबर-जानेवारीत गावात पैसा फिरतो. जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा मला सगळ्यात बरा वाटतो. उघड्यावर खेळ करता येतो, आणि मे अखेरपर्यंत बांधकामाला पुरते चार महिने मिळतात. एप्रिलमध्ये पैसे जमवून मृगाच्या तोंडावर पाया खणायला घेऊ नका.

गोळा करण्याचा कायदा थोडक्यात. मंडळ नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवात वर्गणीसाठी मंडळं घेतात तीच, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे. त्याहून सोपं म्हणजे गावातली एखादी चालू, हिशेब वेळेवर देणारी संस्था सोबत घ्या आणि दान थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. क्यूआर कोड कोणा कार्यकर्त्याच्या खात्याचा चिकटवू नका, माणूस कितीही विश्वासाचा असला तरी. संस्थेकडे ८० जी, म्हणजे दात्याला प्राप्तिकरात वजावट देणारी मान्यता, असेल तर २ हजारांपर्यंतच रोख दानाला करसवलत मिळते. नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही, म्हणून तिचा फार गाजावाजा करू नका. तिकीट म्हणजे दान नव्हे, त्यावर ८० जी ची पावती फाडायची नाही. पुण्या-मुंबईची आणि परदेशातली गावची मंडळी मनापासून देतात, पण इथे एक फरक सांभाळा. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला भाचा बँकेतून पाठवू शकतो. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेला चुलतभाऊ मात्र कायद्याने विदेशी दाता ठरतो, आणि त्याचे पैसे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेला घेता येत नाहीत. तो गावचाच आहे, हे कायद्याला पुरत नाही.

चित्रपटांकडे आता येतो. ओटीटीचं सदस्यत्व घरात बघण्यासाठी असतं. ते लॅपटॉपवरून पडद्यावर लावून लोकांना दाखवता येत नाही, दानासाठी असलं तरी नाही. दिग्दर्शक ओळखीचा असला तरी हक्क बहुधा निर्मात्याकडे किंवा वितरकाकडे असतात. परवानगी लेखी घ्या आणि त्या पत्रात तारीख, जागा, किती खेळ, तिकीट आहे की नाही आणि पैसे कशासाठी, हे सगळं येऊ द्या. एकदा दिग्दर्शकाने फोनवर आनंदाने ‘लावा’ म्हटलं आणि खेळाच्या दिवशी दुपारी वितरकाच्या माणसाने हरकत घेतली. बाहेर रांग लागली होती. त्या दिवशी तिकिटाचे पैसे परत केले, आणि त्यानंतर कागद हातात आल्याशिवाय पत्रकावर नाव छापलं नाही. परदेशी सांस्कृतिक केंद्रांकडून मिळणाऱ्या चित्रपटांना बहुतेकदा तिकीट न लावण्याची अट असते, ते विचारूनच घ्या. छोटे मराठी निर्माते मात्र कारण कळल्यावर शुल्क कमी करतात किंवा सोडतात. मला त्यांच्याकडून नकार फार कमी मिळालाय.

जुन्या चित्रपटांचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘शहर और सपना’ १९६३ चा, म्हणजे २०२४ च्या १ जानेवारीपासून त्याचा चित्रपट म्हणून हक्क संपला. मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणारं, पाइपात संसार मांडणारं जोडपं त्यात आहे आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला होता. तुमच्या कामाला तो अगदी लागू. ‘प्रभात’ कंपनीच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा हक्कही असाच संपलेला. ‘प्रभात’ १९२९ मध्ये कोल्हापुरात जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, त्यामुळे आपल्याकडची म्हातारी माणसं तिला घरचीच समजतात आणि सकाळच्या खेळाला हमखास येतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चित्रपटाचा हक्क संपला म्हणून त्यातल्या कथेचा, गाण्यांचा संपलाच असं नाही. आणि हक्क वेगळा, चांगली प्रत वेगळी. प्रतीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी पत्रव्यवहार करावा लागेल, त्याला निदान तीन महिने धरा.

सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, माहितीपटालाही आणि पोरांनी केलेल्या लघुपटालाही. नाहीतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. फिल्म सोसायट्यांना मिळणारी सवलत सभासदांपुरती असते, तिकीट लावून सगळ्यांना बोलावलेल्या खेळाला ती लावू नका. पहिल्या वर्षी प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट घ्या, निम्मी डोकेदुखी जाईल.

निवडीबद्दल माझं मत ठाम आहे. पुराच्या गावाला पुराचे चित्रपट दाखवू नका. घर गेलेल्या माणसाला पडद्यावर घर जाताना बघायचं नसतं. एका गावात मी हे केलं आणि पहिल्या रांगेतल्या दोन बायका उठून बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. संध्याकाळी सगळ्यांना आवडेल असा, हसवणारा चालेल, असा एकेक चित्रपट ठेवा. सकाळी शाळांसाठी. घराच्या प्रश्नावरचं जे काही असेल ते दुपारी, ज्यांना खरंच चर्चा करायची आहे त्यांच्यासाठी. ‘शहर और सपना’ तिथे बसतो. भीमसेन यांचा १९७७ चा ‘घरौंदा’ही बसतो, त्याचे हक्क मात्र रीतसर घ्यावे लागतील.

तांत्रिक बाजू फार लांबवत नाही. थिएटर मिळालं आणि डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, आलं तर त्याची केडीएम किल्ली, म्हणजे ती प्रत ठरल्या वेळेतच उघडणारा सांकेतिक कोड, कोणत्या वेळेपासून चालू होते ते तपासा. फाइल आली तर ती आदल्या दिवशी पूर्ण चालवून बघा, नुसती पहिली पाच मिनिटं नाही. चित्र थोडं फिकं असलं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला तर उठतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, म्हणून शेवटचा खेळ सातला सुरू झालाच पाहिजे.

दानाचं आवाहन मध्यंतराआधी करा. खेळ संपल्यावर लोकांना शेवटची एसटी आणि घरी ठेवलेली जनावरं आठवतात. चित्रपट थांबवा, दिवे लावा, पाच मिनिटं एकाच माणसाने बोलावं, आणि तो पुढारी नसावा. गवंडी बोलला तर उत्तम. ‘तीन नंबरच्या घराला मागची भिंत नाही. विटा मिळाल्यात. बावीस पोती सिमेंट आणि माझे नऊ रोज राहिलेत.’ एवढंच. ऐकणाऱ्याला मनात हिशेब करता येतो आणि तो म्हणतो, पाच पोती माझी. बोललेलं लगेच वहीत नाव-फोनसह उतरवा आणि आठ दिवसांत घरी जाऊन घ्या. तेवढे दिवस गेले की आकडा हळूहळू विरतो.

आणि त्या कुटुंबांना मंचावर बोलावू नका. नावं नकोत, फोटो नकोत, मोठ्या पुठ्ठ्याचा धनादेश तर नकोच. यादीतली घरं लोकांसमोर नंबरानेच राहू द्या. गावात कोणतं घर ते सगळ्यांना कळतंच, पण कळणं वेगळं आणि माइकवरून पुकारणं वेगळं. एका मावशींनी मला दारातच सांगितलं होतं, ‘भित नसंना का बाबा, पर माज्या पोरीची सोयरीक बघालोय आमी.’ त्या घराचं काम आम्ही थेट गवंडी आणि दुकानदाराला पैसे देऊन केलं. बाहेर कुणाला विचारलं तर त्यांनी कर्ज काढलं असंच उत्तर मिळायचं, आणि आम्हीही तेच उत्तर राहू दिलं.

पैसे देताना साहित्याचे दुकानदाराला, मजुरी टप्प्याटप्प्याने. जोतं, भिंत, छप्पर. प्रत्येक टप्प्याचा फोटो हिशेबाच्या फाइलसाठी घ्या, माणसं त्यात नकोत. काम संपलं की पूर्ण जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. घरांचा एक कागद, महोत्सवाचा दुसरा. महोत्सवात तूट आली असेल तर तीही लिहा आणि ती घरांच्या पैशातून भरलेली नाही हे दाखवा.

दोन-तीन मोठे पाऊस झाले की, साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात, समितीतल्या दोघांनी त्या घरांत जाऊन यायचं. ओल कुठे येते, पत्र्याचा खिळा सुटलाय का, पाणी जोत्याला लागतंय का ते बघायचं. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवलेली असू द्या. घरांची कच्ची यादी आणि गवंड्याचे अंदाज तयार झाले की मला पाठवा. चित्रपटांचं आपण त्यानंतर बसून ठरवू.